विमान जमिनीवर असतांना

आमच्या शाळेंतील मुलांस ‘पुढें काय होणार?’ असें विचारलें म्हणजे प्रत्येक वर्गांत चारपांच तरी मुलें ‘वैमानिक’ असें उत्तर देतात. उत्तर चांगलें आहे. परंतु वैमानिक ज्या विमानांत चढतो तें उडण्यास योग्य आहे असें सही करून त्यास कोण सांगतो, हें विचारणारा विद्यार्थी आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. वास्तविक या सहीवाल्याचा धंदा आमच्या पुष्कळ मुलांच्या आटोक्यांतला आहे.

१ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिग रोड येथें आपल्या वायुदलाचें पहिलें पथक उभें राहिलें, तेव्हां चार वापिटी विमानें, मूठभर अधिकारी आणि १९ हवाई शिपाई एवढाच त्याचा संसार होता. त्या काळच्या विमानांतील उपकरणें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. आज लढाऊ विमानाच्या पोटांत रडार, रेडिओ, मार्ग दाखविणारीं यंत्रें, मित्र कोण व शत्रू कोण हें ओळखणारें यंत्र आणि या सर्वांस जोडणाऱ्या तारांचें जाळें भरलेलें असतें. या सर्वांस मिळून एव्हिऑनिक्स म्हणतात. मिग-२१ जातीचीं विमानें सुमारें साठ वर्षें सेवा करून २६ सप्टेंबर २०२५ रोजीं निवृत्त झालीं. शेवटच्या दिवसांतील बायसन विमानाचा सांगाडा जुन्या घराण्याचा, पण रडार नवें होतें.

हीं उपकरणें निर्दोष राखणें हें काम दिसावयास साधें व करावयास अवघड आहे. वैमानिक उतरून सांगतो कीं, वर असतां रडार दोनदां मालवलें. खालीं ती पेटी काढून बाकावर तपासावी तर ती ठणठणीत! दोष वरच्या थंडींत आणि हादऱ्यांत प्रकट होतो, जमिनीवर लपून बसतो. आळशी कारागीर पेटी बदलतो आणि ‘दोष आढळला नाहीं’ असें लिहून मोकळा होतो. चांगला कारागीर तारेच्या कडेकडेनें बोट फिरवीत जातो आणि कोठेंतरी घासून उघडी पडलेली जागा किंवा वांकलेली टांचणीएवढी पिन शोधून काढतो. विमानाचा वेग समजावा म्हणून बाहेर पिटो नांवाची लहान नळी असते. तींत कुंभारीण माशीनें घर केलें तर तेवढ्यानेंही वैमानिक फसतो. म्हणून विमान उभें असतां तिजवर लाल फितीचें टोपण घालतात व उड्डाणापूर्वीं आठवणीनें काढतात. काम संपल्यावर हत्यारें मोजावयाचीं. एक पाना कमी भरला तर तो सांपडेपर्यंत विमान उडावयाचें नाहीं.

२३ फेब्रुवारी २००८ रोजीं ग्वाम बेटावर अमेरिकेचें बी-२ जातीचें विमान उड्डाण करतांच कोसळलें. सुमारें १४० कोटी डॉलर किंमतीचें हें विमान! दोघे वैमानिक बाहेर फेकले जाऊन वांचले. शत्रूनें कांहीं केलें नव्हतें. हवेचा दाब मोजणाऱ्या २४ उपकरणांपैकीं तिघांत ओल शिरली होती आणि ती असतांनाच त्यांचें माप जुळविण्यांत आलें. पुढें ओल सुकली, मापें खोटीं ठरलीं, संगणकानें तीं खरीं मानलीं आणि नाक एकाएकीं वर उचललें. दुःखाची गोष्ट ही कीं, माप जुळविण्यापूर्वीं नळ्या तापवून सुकवाव्या ही युक्ति कांहीं कारागिरांस २००६ पासून ठाऊक होती. ती तोंडोतोंडीं राहिली. नियमांच्या पुस्तकांत उतरली नाहीं. आमच्या विज्ञानशाळेंत दहा मुलांच्या प्रयोगवह्यांत दशांश चिन्हापर्यंत एकच आंकडा आढळतो, तेव्हां आम्हांस हें विमान आठवतें.

आतां या धंद्यांत शिरावें कसें? २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निवीर योजनेप्रमाणें नेमणूक चार वर्षांची असते व त्यांतून फार तर चौथा हिस्सा पुढें कायम होतो, असें योजनेच्या आरंभीं ठरलें. आमचें स्पष्ट मत असें कीं, तारेवर बोट फिरवून दोष ओळखणारा हात तयार होण्यास चार वर्षें थोडीं आहेत. हात बसतो न बसतो तोंच निरोप घ्यावयाचा, यांत दलाचेंही नुकसान आहे. तथापि योजना आमच्या हातीं नाहीं, तयारी आहे. म्हणून दहावीनंतर तीन वर्षांची इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन मगच जावें. वयाची मर्यादा आड येत नाहीं आणि चौथ्या हिश्शांत नांव न आलें तरी विद्या पदरीं राहते. तरीही प्रवासी विमानांवर सही करण्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो व त्याच्या परीक्षा निराळ्या आहेत, हें ध्यानीं धरावें. ज्यांस अभियांत्रिकीची पदवी शक्य आहे त्यांनीं अधिकारी व्हावें. त्यांचें तांत्रिक शिक्षण बंगळूरजवळ जलहळ्ळी येथें होतें. नाशिकजवळच्या ओझरास तर सुखोई विमानें बांधलींही गेलीं आणि वायुदलाच्या दुरुस्ती आगारांत तीं उलगडून पुन्हां जुळविलींही जातात. हे दरवाजे मुलींसही उघडे आहेत.

एका पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, शांतीचा उपदेश करणाऱ्या शाळेनें युद्धाच्या यंत्रांची वाट मुलांस कां दाखवावी? आम्हीं त्यांस २०१३ सालच्या उत्तराखंडांतील महापुराची आठवण दिली. वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनीं तेव्हां हजारों यात्रेकरू बाहेर काढले आणि त्या हेलिकॉप्टरांचींही उपकरणें कोणीतरी रात्रीं जागून तपासलीं होतीं. ते गृहस्थ म्हणाले, “पण लढाऊ विमानाचें काय?” त्यास आमच्यापाशीं पुरें उत्तर नव्हतें, आणि तसें आम्हीं त्यांस सांगितलें. त्यांचा मुलगा यंदा पदविकेच्या पहिल्या वर्गांत दाखल झाला आहे.