मस्टरवर न येणारे काम

माझी एक मैत्रीण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कविता शिकवत होती. एम.ए., नेट, पीएच.डी. सगळे झालेले, आणि नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकींना माहीत नसेल. मलाही चार वर्षांपूर्वी नव्हते. जुलैत मुलाखत, मार्चपर्यंत काम, पुढच्या जुलैत पुन्हा पहिल्यापासून मुलाखत. तासाला ९०० रुपये, आणि तास ४८ मिनिटांचा. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग, त्या दिवसांचे शून्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० असे सांगितले होते. ते कागदावर.

आधी मी तिला म्हणत असे, "तुझं बरं आहे गं, दोन तास शिकवलं की मोकळी." वस्तीतल्या शिबिरात बायकांकडून पहाटेपासून रात्रीपर्यंतची कामे वदवून घेऊन फळ्यावर लिहिणारी, एम.एस.डब्ल्यू. झालेली मी, असे म्हणत होते!

मागच्या डिसेंबरात तिने मला वर्गावर बोलावले. जात्यावरच्या ओवीपासून बहिणाबाईंपर्यंतचा भाग चालू होता. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेड्यांतल्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे तिने आधीच्या तासाला सांगितले होते आणि प्रत्येकीला आपल्या आजीकडून एक तरी ओवी लिहून आणायला लावली होती. चाळीसेक मुली, आठ-दहा मुलगे. एक मुलगी उठली. तिची आजी म्हणाली, जात्याशिवाय ओवी कशी येईल? परसात जाते पडून होते. आजी त्याच्यापुढे बसली, खुंटा धरला, धान्य न घालताच फिरवू लागली, आणि मग एकामागून एक येतच राहिल्या. अकरा ओव्या. मुलीने त्या वाचल्या तेव्हा मागच्या बाकावरचे मुलगेसुद्धा गप्प होते. मग दुसरी उठली, तिसरी उठली. घंटा झाली तरी कोणी हलले नाही. पुढचा तास मोकळा होता, म्हणून वर्ग आणखी २५ मिनिटे चालला.

खाली येऊन तिने रजिस्टरवर सही केली. तास : एक. मी विचारले, "आणि ती पंचवीस मिनिटं?" ती हसली, "ती जात्यात गेली."

बायकांची ओवी कामात मिसळलेली होती म्हणून तिला कित्येक वर्षे कोणी साहित्य म्हटले नाही. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक आले १९५२ मध्ये. हे वर्गात शिकवणाऱ्या बाईचे स्वतःचे वाचन, टिपणे, वह्या तपासणे, नॅकच्या फायली भरणे, रडणाऱ्या मुलीला व्हरांड्यात थांबून ऐकून घेणे, हे काहीच मस्टरवर येत नाही. घरकामाचे गणित कॉलेजात नेले आहे, दुसरे काय! आणि या पैशाला नाव 'मानधन'. आशा, अंगणवाडी सेविका, आणि आता पीएच.डी. झालेली बाई, सगळ्यांना मानच मान. (आपल्या संस्थांच्या जमाखर्चातही हा शब्द आहे, तेव्हा फार जोरात बोलायला नको.) अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २०२२ मध्ये ती त्यांना लागू असल्याचा निकाल मिळवला.

त्या डिसेंबरात ती गरोदर होती. मला माहीत नव्हते. शाल घेऊन यायची, थंडीचे निमित्त होते. फेब्रुवारीत पोट दिसू लागले तेव्हा तिचे तास दुसऱ्याला दिले. मेमध्ये मुलगी झाली. जुलैत ती मुलाखतीला गेली, तर समोरचे म्हणाले, "बाळ लहान आहे मॅडम, या वर्षी घरीच राहा." काळजीपोटीच म्हणाले असतील.

आमच्या बैठकीत एकीचे म्हणणे पडले की हा पांढरपेशा बायकांचा प्रश्न आहे, शिवाय पुरुषही तासिकेवर आहेत. आहेत ना, आणि तेही भरडले जातात. पण ज्याची बायको बाळंत झाली त्याला जुलैत कोणी घरी राहायला सांगत नाही. आणि पांढरपेशी म्हणावे तर हिची आई अजून खुरपणीला जाते. मार्च २०२३ पासून एस.टी.चे तिकीट बायकांना अर्धे झाले, त्यावर ही रोजची ये-जा चालली होती.

मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्याने अट घातली ती आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस कामाची. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार स्त्रियांना हा लाभ द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले, आणि कंत्राटाची मुदत संपली म्हणून तो तोडता येत नाही, हे २०२३ मध्ये. कॉलेजवाले म्हणणार, हिचे तास आहेत, दिवस नाहीत. माझे म्हणणे असे की ज्या दिवशी बाईने एक जरी तास घेतला तो तिच्या कामाचा दिवस. एस.टी.ने येऊन-जाऊन तिचा तो दिवस संपलेलाच असतो.

म्हणून आम्ही रजिस्टरच्या झेरॉक्स घेऊन बसलो. ऑगस्ट ते फेब्रुवारी, आठवड्याला चार दिवस. मोजले तर ११२ भरले. आपल्या भागात तासिकेवर शिकवणाऱ्या ज्या कोणी असतील त्यांनी सहीच्या पानांची नक्कल दर महिन्याला काढून ठेवावी; नंतर मागितली की रजिस्टर सापडत नाही.

अर्जाचा मसुदा मी केला होता. मुलगी मांडीवर झोपलेली होती, तिने एका हाताने तो वाचला, 'मानधन' जिथे जिथे होते तिथे खोडून 'वेतन' लिहिले, आणि सही केली.