सशाला बाहेर सोडावे काय?

घरी ससा पाळणाऱ्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास पडतो. ससा घरातच ठेवावा, की त्याला रोज थोडा वेळ अंगणात, गच्चीवर, बागेत सोडावे? याचे उत्तर देणारी पुस्तके आहेत. पण ती बहुतेक इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेली, आणि त्यांचे आपसातही पटत नाही. ब्रिटनमध्ये ससा म्हणजे परसातल्या लाकडी खुराड्यात राहणारा प्राणी, अशी जुनी रीत. उलट अमेरिकेत, १९८८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या हाऊस रॅबिट सोसायटीने, ससा मांजरासारखा घरात, माणसांत वावरला पाहिजे असा प्रचार केला. आपल्याकडचा हौशी माणूस दोघांचेही थोडे थोडे ऐकतो आणि पिंजरा बाल्कनीत ठेवून देतो. म्हणजे ना धड घर, ना धड अंगण!

मी प्राणिशास्त्राचा नव्हे, पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे. तरी या वादात मला पडावेसे वाटते, कारण हा वाद निम्म्याहून अधिक उष्णतेचा आणि प्रकाशाचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. सशाला रोज बाहेर नेलेच पाहिजे. मात्र आपल्या हवेत ते तापमापक पाहून आणि जवळ माणूस बसलेला असतानाच. ज्याला हे जमणार नाही त्याने ससा पाळू नये. हे थोडे कडक वाटेल. का, ते पाहू.

प्रथम 'ससा' या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या माळरानावर, शेताच्या बांधावर दिसतो तो ससा वेगळा आणि पिंजऱ्यातला पांढराशुभ्र ससा वेगळा. इंग्रजीत पहिल्याला हेअर म्हणतात, दुसऱ्याला रॅबिट. मराठीत दोघांना एकच नाव पडल्यामुळे पुष्कळांची समजूत होते की पाळीव ससा हा इथलाच, त्याला इथले ऊन सहज सोसेल. माळावरचा ससा बीळ करीत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. (त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शेतात सापडलेले पिल्लू घरी आणून पाळणे हा गुन्हा होय.) पाळीव सशाचा मूळ पुरुष स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीत बिळे खणून राहतो आणि त्याची पिल्ले आंधळी व उघडी जन्मतात.

आता तुम्ही म्हणाल, स्पेनमध्येही उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, मग तिथला ससा कसा जगतो? त्याचे उत्तर बिळात आहे. जमिनीचा पृष्ठभाग दिवसा तापतो, रात्री निवतो. ही उष्णतेची लाट खाली जाता जाता झपाट्याने क्षीण होत जाते. साधारण कोरड्या मातीत दर दहा-बारा सेंटिमीटर खोलीला दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार सुमारे एकतृतीयांश उरतो. अर्धा मीटर खाली गेलात की तो जवळजवळ संपतोच. वर दुपारी आग पाखडत असली तरी बिळात आणि पहाटे बिळात फरक नाहीच म्हणा ना. ससा दिवसाचा बराच वेळ त्या गारव्यात काढतो आणि मुख्यतः तिन्हीसांजेला नि भल्या पहाटे चरायला बाहेर पडतो. आपल्या पूर्वजांनी ससा चंद्रावर बसवला, सूर्यावर नव्हे. त्यात विज्ञान शोधण्याचे कारण नाही, पण जागा मात्र योग्य निवडली!

तेव्हा सशाच्या दृष्टीने 'बाहेर' म्हणजे भर दुपारचे उघडे मैदान कधीच नव्हते. बाहेर म्हणजे जिथून चार उड्यांत अंधाऱ्या, गार जागेत शिरता येते अशी जागा. बाल्कनीतल्या पिंजऱ्यातून त्याला उडी मारून जायचे कुठे?

सशाला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. कुत्र्याप्रमाणे जीभ काढून धापाही त्याला नीट टाकता येत नाहीत. त्याची मुख्य भिस्त कानांवर. त्या पातळ, लांब कानांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. गरम झाले की त्या रुंदावतात, कानांत रक्त जास्त खेळते आणि उष्णता हवेत जाते. मोटारीच्या रेडिएटरसारखीच ही सोय आहे. पण रेडिएटरला न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम चुकत नाही. उष्णता जाण्याचा वेग हा वस्तू आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. सशाचे शरीर सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. कान फार तर तितकाच गरम होईल. हवा २४ अंश असेल तर फरक १५ अंशांचा. हवा ३४ अंश झाली की फरक ५ अंशांचा, म्हणजे कानांतून जाणारी उष्णता एकतृतीयांशावर आली. आणि विदर्भातल्या मे महिन्याप्रमाणे हवाच ४४ अंश असली, तर? मग उष्णता उलट दिशेने, हवेतून कानांत शिरू लागते. ज्या अवयवाने सशाला वाचवायचे तोच त्याला तापवू लागतो.

हे झाले सावलीतले. उन्हाचा हिशेब आणखी वाईट आहे, आणि तो तुम्ही स्वतः करू शकता. दोन किलो वजनाचा ससा विश्रांती घेत असताना त्याच्या शरीरात सुमारे ६ वॅट उष्णता निर्माण होते. स्वच्छ आकाश असताना भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. वरून पाहिल्यास बसलेला ससा सुमारे ३० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद दिसतो; म्हणजे त्याच्यावर पडले ४५ वॅट. त्यातले निम्मे परावर्तित झाले असे धरू, तरी २० वॅटच्या पुढे उरतात. त्यातला बराच भाग केसांच्या टोकांवरूनच वारा घेऊन जातो, हे खरे. पण वारा नसला तर? तीन बाजूंनी बंद बाल्कनीत वारा असतो कुठे?

समजा, ही २० वॅट उष्णता केवळ पाण्याच्या बाष्पीभवनाने घालवायची आहे. तासाला ती ७२,००० ज्यूल होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल लागतात. म्हणजे तासाला ३० ग्रॅम पाणी. दोन किलोच्या प्राण्याला ३० ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला जवळजवळ एक लिटर. माणूस तेवढा घाम गाळू शकतो. ससा केवळ श्वासावाटे तेवढे पाणी उडवू शकत नाही. आणि कोकणातल्या दमट हवेत बाष्पीभवन आणखी मंदावते, ते वेगळेच. उष्माघाताने ससा तास-दोन तासांत दगावतो तो असा. त्याच्या वाटीत पाणी भरलेले असते, सावलीही सकाळी असते आणि घरची मंडळी कामाला गेलेली असतात.

सकाळी असते, असे मुद्दामच म्हटले. परदेशी पुस्तकांत 'पिंजरा भिंतीच्या सावलीत ठेवा' असा सल्ला असतो. इंग्लंडात तो बरोबर आहे. तिथे ऐन उन्हाळ्यातही सूर्य क्षितिजापासून साठ-बासष्ट अंशांच्या वर फारसा चढत नाही, त्यामुळे भिंतीच्या उत्तरेला दुपारीही सावली राहते. आपण मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्यात आणि शेवटच्या आठवड्यात नागपुरात माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तुम्हांपैकी अनेकांनी शाळेच्या मैदानात काठी रोवून पाहिला असेल. त्या दिवसांत दोन मीटर उंचीच्या भिंतीलाही दुपारी सावली नसते! नऊ वाजता जिथे गर्द सावली होती, तिथे बारा वाजता ऊन असते. पुस्तकातला सूर्य आणि आपला सूर्य एकच असला तरी त्याची जागा एक नाही.

इतके सगळे असेल तर ससा घरातच का ठेवू नये? खिडकीशी ठेवू, काचेतून ऊन मिळेल, असे काही जण सुचवतात. हा तोडगा मला सर्वांत वाईट वाटतो. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते अतिनील किरणांच्या २८० ते ३१५ नॅनोमीटर या पट्ट्यामुळे. साधी काच नेमका हाच पट्टा अडवते. दृश्य प्रकाश आणि जवळचे अवरक्त किरण मात्र आत सोडते. म्हणजे उपयोगाचे ते बाहेर राहिले आणि तापवणारे ते आत आले. आत तापलेल्या वस्तूंतून निघणारे दीर्घ तरंगलांबीचे प्रारण काच बाहेर जाऊ देत नाही, हे तुम्ही काचघराच्या धड्यात शिकला आहातच.

अंगावर केस असलेल्या सशाला अतिनील किरणांचा उपयोग होतो का, अशी शंका रास्त आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही सशांना दोन आठवडे रोज बारा तास अशा किरणांच्या दिव्याखाली ठेवले. इतर सशांच्या तुलनेत त्यांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाचे प्रमाण दुपटीच्या आसपास आढळले. पण एवढ्यावरून ससा उन्हात बांधायला धावू नका. उन्हात वाळवलेल्या गवतातूनही हे जीवनसत्त्व मिळते. शिवाय सूर्य तीस अंशांवर असताना किरणांना वातावरणातून दुप्पट वाट कापावी लागते, त्यामुळे कोवळ्या उन्हात हा पट्टा फारच थोडा उरतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी उशिराचे ऊन हे दोन्ही दृष्टींनी त्यातल्या त्यात बरे: हवा गार आणि सूर्य बराच वर. मे महिन्यात असा मुहूर्तच नाही. तेव्हा गवतावर भागवावे.

सशाला बाहेर न्यायचे माझ्या मते खरे कारण ऊन नव्हेच. ते आहे धावणे. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या अवघा सात-आठ टक्के असतो आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र जबर. हाडांवर रोज भार पडला तर ती मजबूत राहतात; पिंजऱ्यात बसून ती विरळ होतात. असा ससा एखाद्या दिवशी दचकून जोराने लाथ झाडतो आणि स्वतःच्याच स्नायूंच्या जोराने त्याचा पाठीचा कणा मोडतो. ब्रिटनमधील रॅबिट वेल्फेअर असोसिएशनने दोन सशांसाठी किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व एक मीटर उंच जागा सांगितली आहे. आपल्या बाजारात मिळणारा पिंजरा मोजून पाहा! दातांचेही तसेच. ते आयुष्यभर वाढतात, आणि गवत चघळून झिजले नाहीत तर तोंडात जखमा करतात. 'आमचा ससा तीन वर्षे पिंजऱ्यात मजेत आहे' असे सांगणाऱ्यांना एवढेच विचारावे, की मजेत आहे हे कळले कसे? शिकार होणारा प्राणी दुखणे लपवतो. दुबळेपणा दाखवणारा ससा रानात टिकत नाही.

घार, मांजर, मुंगूस, मोकाट कुत्री यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको; माणूस जवळ हवा तो यासाठीच. पावसाळ्यात ओल्या, मळलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत सशाचे मांस पोखरतात, म्हणून त्या दिवसांत कोरडी पडवीच बरी. कण्हेर, धोतरा आणि फवारणी झालेले गवत यांपासूनही त्याला दूर ठेवावे.

शिक्षकांना एक विचारतो. काही शाळांत आवारात ससे पाळलेले असतात, वर पत्र्याचे छप्पर आणि भोवती जाळी. मुलांना ते आवडतात, प्रार्थनेनंतर तिथे गर्दी होते. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी लागते तेव्हा त्या पत्र्याखाली कोण जाते? पाणी घालायला शिपाई दिवसातून एकदा येतो, हे उत्तर पुरेसे नाही. सुट्टीपुरते ससे कोणाच्या घरी जाणार, हे एप्रिलमध्ये ठरलेले नसेल, तर जूनमध्ये नवे ससे आणू नयेत.

आणि विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेतला एक साधा तापमापक मागून घ्या. वर्तमानपत्रातले तापमान हे पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत मोजलेले असते. तुमचा ससा तिथे राहत नाही. तापमापकाचा फुगा जमिनीपासून पंधरा सेंटिमीटरवर, पुठ्ठ्याच्या सावलीत धरा आणि अंगण, गच्ची, बाल्कनी, पडवी अशा ठिकाणी सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सातला नोंदी घ्या. गच्चीवर संध्याकाळी सातला काय आकडा येतो तो विशेष पाहा. दिवसभर तापलेला स्लॅब लवकर निवत नाही. जिथे आणि जेव्हा आकडा २८ च्या आत असेल, तिथे आणि तेव्हा सशाला सोडा, एखादे उलटे खोके दार कापून शेजारी ठेवा म्हणजे त्याला बिळाचा आधार वाटेल, आणि तुम्ही पुस्तक घेऊन तिथेच बसा. तो धापा टाकू लागला, कान तापून लाल दिसले, आडवा पसरला, तर आत गार जागी न्या, कानांना साध्या पाण्याने ओले करा (बर्फाच्या नव्हे, त्याने कानांतल्या रक्तवाहिन्या आकसतात) आणि वेळ न घालवता पशुवैद्याकडे जा.