सातपाशी नियम संपतात

381654729. अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस. यात 1 ते 9 हे सगळे अंक एकेकदाच आलेत. आता डावीकडून तोडत चला. 38 ला 2 ने निःशेष भाग जातो, 381 ला 3 ने, 3816 ला 4 ने, 38165 ला 5 ने, आणि असं करत करत अख्ख्या संख्येला 9 ने. या नऊ अंकांच्या मांडण्या होतात 3,62,880. त्यांत हा गुण असलेली ही एकटीच.

मी सहावीला गणित शिकवते. विभाज्यतेच्या कसोट्या पोरं घोकतात आणि पेपरात चार पर्यायांतला एक निवडून मोकळी होतात. दिवाळीनंतर विचारलं, तर 4 ची कसोटी धड कुणाला आठवत नाही. माझं म्हणणं असं, की घोकंपट्टी राहू दे. पोरांच्या हातात 1 ते 9 च्या चिठ्ठ्या द्या आणि ही संख्या शोधायला लावा.

पाचव्या जागी 5 च येणार, हे शेवटच्या बाकावरूनही ऐकू येतं. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा सम अंकांची. म्हणजे विषम अंक आपोआप उरलेल्या जागी गेले. खरी मजा चौथ्या जागेवर. तिसरा अंक विषम, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या जोडीला 4 ने भाग जायला हवा. 12, 16, 32, 36, 72, 76... फळ्यावर यादी वाढते तशी एखादी मुलगी ओरडते, "बाई, 2 नाहीतर 6 च!" मग 3 आणि 6 च्या कसोट्या मिळून ठरवतात, की मधले तीन अंक 258 किंवा 654. त्यावर 8 ची कसोटी लावली, की साडेतीन लाखांहून जास्त मांडण्यांतून फक्त दहा उरतात.

इथे 7 आडवा येतो. 7 चीही एक युक्ती आहे, शेवटच्या अंकाची दुप्पट वजा करायची वगैरे. मी ती मुद्दाम सांगत नाही. पहिल्या सात अंकांना सरळ भाग द्यायचा, दहाही वेळा. कसोट्यांनी इथवर आणलं, पुढे पाढे यायला हवेत, एवढं कळलं तरी पुरे. 9876543 वर सगळ्यांचा जीव, दिसतेच देखणी. पण बाकी 5 उरते. 3816547 ला मात्र पूर्ण भाग जातो, भागाकार 545221.

9 साठी काहीच करावं लागत नाही. अंक कसेही मांडा, बेरीज 45. तरी काही जण ती करून बघतातच. करू देते.

"एवढे तास कुठून आणायचे?" असं सहकारी विचारतात. वार्षिक परीक्षेआधी याच कसोट्यांच्या उजळणीत जातात, त्यातले आणा. आणि पेपरात एका गुणाचे चार पर्यायी प्रश्न घालण्यापेक्षा असा एकच प्रश्न घाला, खाली कोरी जागा सोडून. तपासायला वेळ लागेल, खरंय. तो आम्ही काढू.