स्टेम सेल : आशा ठेवा, पण वाडी विकू नका

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे. 'डॉक्टर, मुंबईत स्टेम सेलचे इंजेक्शन देतात म्हणे. घेऊन बघावे का?' विचारणाऱ्यांत गुडघे धरून बसणारे आजोबा असतात, जुना मधुमेह असलेल्या बाई असतात. पण सर्वांत कळकळीने विचारतात ते आईबाप, ज्यांचे मूल पाच वर्षांचे झाले तरी उभे राहत नाही किंवा बोलत नाही. वाडी गहाण ठेवू, होडी विकू, पण पोर बरे होऊ दे, अशी त्यांची तयारी असते. म्हणूनच या विषयावर स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी स्नायूचे काम करते, त्वचेची त्वचेचे. मूलपेशी मात्र स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करतात आणि त्यांतूनच वेगवेगळ्या कामांच्या पेशीही घडतात. आपल्या हाडांतील मज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स त्यांच्यापासूनच जन्मभर बनत राहतात.

या मूलपेशींचा उपचार पूर्णपणे सिद्ध झालेला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातील हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण. आज टाटाचा हा विभाग खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संस्थेत आहे. खारघर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला पनवेल तालुका. रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, मज्जा सुकून जाणे अशा आजारांत हा उपचार जीवदान देऊ शकतो.

पण तो किती कठीण आहे, हेही पाहा. आधी जबर औषधे देऊन रोग्याची मूळ मज्जा नष्ट करतात. मग जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी सलाईनसारख्या शिरेतून सोडतात. त्या रुजेपर्यंत दोन ते चार आठवडे रोग्याच्या अंगात जंतूंशी लढण्याची ताकद जवळजवळ नसते. पुढे दात्याच्या पेशी रोग्याच्याच शरीरावर उलटण्याचा धोका असतो. सगळेच रोगी वाचत नाहीत. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यताही चारांत एकच असते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. खाचर नांगरून, चिखल करून, राबातले रोप एकेक लावले तरच लावणी होते. खारे पाणी घुसलेल्या शेतात बांधावरून ओंजळभर रोपे भिरकावली तर पीक येत नाही. मेंदूला इजा झालेल्या मुलाच्या पाठीत मूलपेशींचे इंजेक्शन देणे हे आजच्या घडीला असे भिरकावणेच आहे. त्या पेशी तिथे जगतात का, योग्य जागी जातात का, हव्या त्या कामाला लागतात का, यांपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

संशोधनाला यश येत नाही असे मुळीच नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे बनवून दाखवले आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टाइप १ मधुमेहाच्या १२ रोग्यांना मूलपेशींपासून बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी दिल्या. वर्षाअखेर १० जणांचे इन्सुलिन सुटले. मात्र त्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या मधुमेहाचा हा उपचार नव्हे.

ठेचाही मोठ्या लागल्या आहेत. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचे २००४ व २००५ चे गाजलेले शोधनिबंध बनावट निघाले आणि २००६ मध्ये मागे घ्यावे लागले. अमेरिकेत फ्लोरिडातील एका क्लिनिकने तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. त्यांची दृष्टी गेल्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. 'स्वतःच्याच पेशी, मग अपाय कसला?' असे सांगणाऱ्यांनी हे विसरू नये.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की रक्ताच्या ठराविक आजारांवरील प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मंजूर प्रयोगातच व्हावा. स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये केली. आणि खऱ्या प्रयोगात रोग्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

गरोदर स्त्रियांच्या घरच्यांना गाठणारे नाळेतील रक्त साठवण्याचे प्रस्तावही असेच तपासून घ्यावेत. मुलाला स्वतःचे साठवलेले रक्त पहिल्या वीस वर्षांत लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी कमी मानली जाते. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष असला, तर तो त्या रक्तातही असतोच. मोठ्या भावंडाला असा आजार असेल, तर मात्र धाकट्याचे रक्त साठवण्याविषयी तज्ज्ञाला जरूर विचारावे.

'प्रयत्न करून बघायला काय जाते?' असे पालक म्हणतात. त्यांना दोष देववत नाही. पण जाते ते पुष्कळ. पैसा जातो, आणि त्याहून मोलाची मुलाची सुरुवातीची वर्षे जातात. त्या वर्षांत नियमित व्यायामोपचार आणि वाचा-उपचार मिळाले, तर मूल थोडे तरी स्वावलंबी होते. मुरूड-श्रीवर्धनच्या आईला मूल कडेवर घेऊन आठवड्यातून तीनदा एसटीने त्यासाठी दूर जावे लागत असेल, तर एका इंजेक्शनाची जाहिरात तिला गोड वाटणारच. ही उणीव शासनाने भरून काढली पाहिजे. आणि आम्हा डॉक्टरांनी अशा केंद्रांकडे रोगी पाठवताना कमिशनचा मोह टाळलाच पाहिजे.

तरुणांना करता येण्यासारखे एक काम आहे. रक्ताच्या मूलपेशींचे दाते म्हणून दात्रीसारख्या संस्थेकडे नाव नोंदवा. त्यासाठी गालाच्या आतून कापसाने नमुना घेतात, एवढेच. कोणा अनोळखी थॅलेसेमियाग्रस्त मुलाला तुमची मज्जा जुळू शकेल.

आणि स्टेम सेलचा उपचार सुचवला गेला, तर फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा : क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामधला नोंदणी क्रमांक कोणता, नीतिमत्ता समितीची परवानगी आहे का, आणि प्रयोग असेल तर पैसे कशाचे? उत्तरे लेखी घ्या आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. उत्तर मिळेपर्यंत वाडीचे कागद कपाटातच राहू द्या.