पनिशर विरुद्ध कुंडल

'डेअरडेव्हिल'चा दुसरा सीझन (२०१६) आठवतोय? पनिशर गुंडांना सरळ गोळ्या घालतो. डेअरडेव्हिल मात्र त्यांना बेदम चोपतो, पण जिवंत ठेवतो. आमच्या ऑफिसात बहुमत पनिशरला! माझं मत डेअरडेव्हिलला, आणि त्याचं कारण सांगली जिल्ह्यातलं कुंडल.

१९४३ ते ४६ या काळात नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचं हे मोठं केंद्र. कायदा हातात घेणं काय असतं ते या गावाला कोणी शिकवू नये. प्रतिसरकारनं रक्त सांडलंच नाही, असा माझा दावा नाही. पण तुफान सेनेसोबत त्यांनी न्यायदान मंडळंही काढली. आधी तक्रार ऐकायची, मग शिक्षा. तळपायांवर फटके ही त्यातली गाजलेली. ('पत्री सरकार' नावामागे तीच, असं सांगतात.)

टीव्हीवाले इथंच चीटिंग करतात राव. गुन्हा आपण आधीच डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे पनिशर चुकतच नाही. गावात कॅमेरा नसतो. बांधाची भांडणं असतात, जुनी खुन्नस असते, खोटे साक्षीदार असतात. भलत्याच माणसाला फटके बसले, तर तो निदान लंगडत येऊन चार शिव्या घालू शकतो. पनिशरच्या दारात कोण येणार?