इंजेक्टरचे औषध की गाळणीची काळजी?

मृग तोंडावर आला असता वखरणीच्या ऐन घाईत ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागतो, आणि टाकीत एक बाटली ओतली की इंजेक्टर आपोआप स्वच्छ होतील, असा सल्ला रोहण्याच्या शेतकरी बंधूंस मिळतो. हे औषध सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या प्रतीचे द्रव्य नोझलच्या सूक्ष्म छिद्रांवरील काजळी हळूहळू विरघळविते. परंतु झिजलेले नोझल त्याने भरून निघत नाही, की पिंपातून आलेली माती नाहीशी होत नाही. शिवाय धुराचे मूळ पुष्कळदा हवेच्या तुंबलेल्या गाळणीत असते. पेट्रोलच्या मोटारीचे औषध डिझेलात ओतणे तर घातकच. कारण पंप व इंजेक्टर यांस वंगण डिझेलाचेच मिळते.

म्हणून आमचे मत असे की, बाटलीचा पैसा प्रथम गाळण्यांवर खर्चावा. डिझेल झाकलेल्या पिंपात निवळू द्यावे, तळचा गाळ टाकीत जाऊ देऊ नये, गाळणीतील पाणी वेळोवेळी काढावे आणि हंगामापूर्वी नोझलचा दाब जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावा. वाफसा यंत्रासाठी थांबत नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.