असेल कोणी तरी!

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या कन्येने संगणकावर चार्ली चॅप्लिनचा एक जुना मूकपट लावला. हसता हसता तिने विचारले, "बाबा, ही बाई कोण हो?"

"ठाऊक नाही" हे शब्द प्राध्यापकाच्या तोंडून सहसा बाहेर पडत नाहीत. मी ठोकून दिले, "असेल कोणी तरी त्याची नायिका!"

ही 'कोणी तरी' म्हणजे मेबेल नॉर्मंड. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात तिची हकीकत वाचली आणि माझ्या उत्तराची मलाच लाज वाटली. १९१४ साली चॅप्लिन अमेरिकेतील कीस्टोन कंपनीत आला तेव्हा तो नवखा होता आणि मेबेल होती तेथली लाडकी विनोदी नटी. ढगळ विजार, तोकडा कोट हा त्याचा प्रसिद्ध वेष त्याने प्रथम चढविला तो 'मेबेल्स स्ट्रेंज प्रेडिकामेंट' या तिच्या चित्रपटासाठी. पुढे 'मेबेल अ‍ॅट द व्हील'चे दिग्दर्शन तिच्याकडे आले. रस्ता भिजविण्याच्या प्रसंगात आपण नळीवर पाय देऊन पाणी अडवावे आणि मग ते आपल्याच तोंडावर उडावे, अशी चॅप्लिनने सूचना केली. वेळ नाही म्हणून तिने ती फेटाळताच स्वारी रुसून रस्त्याच्या कडेला जाऊन बसली! या देखण्या मुलीला दिग्दर्शन जमेल, असे आपल्याला वाटत नव्हते, हे त्याने १९६४च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

पुढे मेबेलच्या नावाची स्वतंत्र कंपनी निघाली. तिचा 'मिकी' १९१८ साली तुफान चालला.

मग दैव फिरले. १ फेब्रुवारी १९२२च्या संध्याकाळी ती दिग्दर्शक विल्यम डेझमंड टेलर यांना भेटून परतली आणि त्याच रात्री त्यांचा खून झाला. तिच्यावर आरोप आला नाही. खुनीही कधी सापडला नाही. १९२४च्या पहिल्याच दिवशी तिच्या मोटारचालकाने तिच्याच पिस्तुलातून एका धनिकावर गोळी झाडली. तो वाचला, वृत्तपत्रांना मात्र मेजवानी मिळाली. काही ठिकाणी तिच्या चित्रपटांवर बंदी आली. गुन्हा कुणी शाबीत केला नव्हता, पण चव्हाट्यावर शिक्षा होऊन गेली होती. २३ फेब्रुवारी १९३० रोजी क्षयाने ती गेली. वय अवघे ३७.

रात्री कन्येला हे सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाबा, ही त्याची नायिका नव्हती. तोच हिच्या चित्रपटात होता!"

वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. त्या रात्री मात्र माझीच तपासली गेली.